मार्लबरोचे माजी विद्यार्थी, रॅकेट्स आणि शिडाच्या होड्या: प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

कामाची हद्द ठरवली. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील मार्लबरो कॉलेज ही १८४३ साली सुरू झालेली निवासी शाळा. तिच्या माजी विद्यार्थ्यांनी रॅकेट्स (बॅटने भिंतीवर चेंडू मारण्याचा खेळ) आणि शिडाच्या होड्यांच्या शर्यतींत काय कमावले, याची मराठीतून तपासलेली यादी करायची. नावात ‘कॉलेज’ असले तरी ही शाळाच आहे. पहिल्या कच्च्या मसुद्यात ‘महाविद्यालय’ असे भाषांतर झाले होते, ते काढले.

याच दोन खेळांची जोडी घेण्याचे कारण असे की दोन्हींत नोंदी चुकण्याच्या जागा भरपूर आहेत. क्रिकेटमध्ये धावफलक सगळे सांगतो. रॅकेट्समध्ये एक सुवर्णपदक अंतिम सामना न खेळताच मिळालेले आहे आणि शिडाच्या शर्यतीत पहिला व दुसरा यांच्या होड्यांत पंधरा फुटांचा फरक असू शकतो. यादी करणे सोपे, ‘यश’ या रकान्यात काय लिहायचे हे ठरवणे अवघड.

४ जून

शब्दांचा दिवस.

‘रॅकेट’ हा शब्द मराठीत शोधला की पोलिसांच्या बातम्या येतात: बनावट नोटांचे रॅकेट, किडनी रॅकेट. ‘रॅकेट्स’ असा अनेकवचनी शोध घेतला तर बॅडमिंटनच्या दुकानांच्या जाहिराती. म्हणून यादीत खेळाचे नाव कायम ‘रॅकेट्स (भिंतीचा खेळ)’ असे लिहायचे. स्क्वॉश हा याचाच धाकटा भाऊ. एकोणिसाव्या शतकात हॅरो शाळेत मुले रॅकेट्सच्या कोर्टावर जायची वाट पाहताना मऊ, दबणाऱ्या चेंडूने खेळत. त्यातून स्क्वॉश निघाले. दोघांच्या नोंदी एकमेकांत मिसळतात त्या यामुळेच.

‘नौकानयन’ या शब्दाने तर घोळच घातला आहे. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्याचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये वल्ही मारून उतरला, बातम्यांत तो ‘नौकानयनपटू’. शिडाच्या होडीत बसणाराही ‘नौकानयनपटू’. दोन वेगळे खेळ, दोन वेगळे महासंघ, शब्द एक. यादीत ‘वल्हवणे’ आणि ‘शिडाची शर्यत’ असे दोन साधे शब्द घेतले. ‘सेलिंग’ चालले असते, पण जुन्या एकट्या सफरींना ते तोकडे पडते.

तिसरा सापळा ‘पब्लिक स्कूल’. याचे ‘सार्वजनिक शाळा’ किंवा ‘सरकारी शाळा’ असे भाषांतर करू नये. इंग्लंडमध्ये या शब्दाचा अर्थ जवळजवळ उलटा: भरमसाट फी घेणारी, जुनी, खासगी शाळा. रॅकेट्सचे कोर्ट बांधणे आणि राखणे अशाच शाळांना परवडले, म्हणून खेळ तिथेच तगला. आज इंग्लंडमध्ये चौदाएक शाळांकडे कोर्ट आहे. मार्लबरो त्यांपैकी एक. ईटन, हॅरो, विंचेस्टर, रग्बी, वेलिंग्टन, माल्व्हर्न, टनब्रिज, चार्टरहाउस हे बाकीचे ठळक.

७ जून

फाइल उघडली. रकाने असे: नाव (देवनागरी), शाळेतील नाते, खेळ, स्पर्धा, वर्ष, निकाल, निकाल कसा मिळाला, प्रतिस्पर्धी किती, होडी व लांबी, शेरा. ‘शाळेतील नाते’ आणि ‘निकाल कसा मिळाला’ हे दोन रकाने सुरुवातीला नव्हते. ते का घातले ते पुढच्या नोंदींत दिसेल.

तांत्रिक अडचणी, पुन्हा कोणी असे काम हाती घेतले तर वेळ वाचावा म्हणून:

तक्ता-प्रणाली (स्प्रेडशीट) १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख ‘तारीख’ म्हणून ओळखत नाही. १८४३ किंवा १८६२ टाकले की ती मजकूर समजते आणि क्रम लावताना सगळ्या जुन्या नोंदी तळाला जाऊन बसतात. उपाय: वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे रकाने आणि तिन्हींत साधे अंक. क्रम वर्षावर लावायचा, मग महिन्यावर.

देवनागरी अंक बेरजेत धरले जातीलच याची खात्री नाही. मूळ फाइलमध्ये इंग्रजी आकडे ठेवून शेवटी प्रसिद्धीच्या प्रतीत बदलायचे. हा बदल फक्त अंकांच्या रकान्यांवर करावा. दुवे असलेल्या रकान्यावर केला तर दुवे मोडतात.

‘ॲस्टर’ हे नाव दोन प्रकारे टंकले जाते: एकच अक्षर ‘ॲ’, किंवा ‘अ’ वर वेगळा अर्धचंद्र. डोळ्यांना सारखे दिसते, पण शोध लावला की निम्म्या नोंदी सापडत नाहीत. सगळीकडे एकच चिन्ह करून घेतले. एकाच माणसाच्या दोन ओळी होतात त्या बहुधा याच कारणाने.

१० जून

छायाचित्रे आणि गुण तपासण्याचे नियम.

आधी छायाचित्रे. रॅकेट्सचे कोर्ट ६० फूट लांब, ३० फूट रुंद (सुमारे १८.३ × ९.१ मीटर). स्क्वॉशचे एकेरी कोर्ट ९.७५ × ६.४ मीटर, म्हणजे लांबी साधारण अर्धी. रॅकेट्सची बॅट सुमारे ७७५ मिमी लांब, डोके लहान, गोल आणि लाकडी; स्क्वॉशची ६८६ मिमीपर्यंत. चेंडू ३८ मिमी व्यासाचा, वजन २८ ग्रॅमच्या आसपास, पण टणक आणि पांढरा. स्क्वॉशचा रबरी चेंडू आकाराने जवळपास तेवढाच, पण मऊ. चित्रात जाळी दिसली तर रॅकेट्स नक्कीच नाही. तो बहुधा ‘रिअल टेनिस’ हा राजवाड्यातला जुना खेळ. रॅकेट्समध्ये जाळी नसते, दोन्ही बाजू एकाच समोरच्या भिंतीवर मारतात. गडद भिंत, पांढरा चेंडू, लहान गोल डोक्याची लांब बॅट: हे तिन्ही जुळले तरच चित्र घ्यायचे.

आता गुण. जुन्या कात्रणांतले आकडे पुसट असतात, ५ चा ६ होतो. पण रॅकेट्सच्या गुणपद्धतीला स्वतःचा हिशेब आहे, त्यामुळे चूक पकडता येते. गेम १५ गुणांचा. गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळतो. समोरच्याने रॅली जिंकली तर त्याला सर्व्हिस मिळते, गुण नाही. १३-१३ झाले तर सर्व्हिस नसलेला ठरवू शकतो की गेम १५ वरच ठेवायचा, की आणखी ३ (म्हणजे १६ पर्यंत) किंवा ५ (म्हणजे १८ पर्यंत) वाढवायचा. १४-१४ झाले तर १५ किंवा आणखी ३, म्हणजे १७.

त्यावरून तपासणीचा नियम निघतो. विजेत्याचे १५ असतील तर हरणाऱ्याचे ० ते १४ काहीही चालेल. १६ असतील तर हरणाऱ्याचे १३, १४ किंवा १५ च. १७ असतील तर १४ ते १६. १८ असतील तर १३ ते १७. म्हणजे १६-१५ बरोबर, १६-१२ चूक, १७-१३ चूक, १८-११ तर अशक्य. तक्त्यात ही अट घातली की चुकीचा चौकोन आपोआप लाल होतो. एकेरी पाच गेमांत तीन, दुहेरी सातांत चार. दुहेरीच्या नोंदीत विजेत्यांनी तीनच गेम जिंकलेले दिसले तर एक गेम कुठेतरी गळला आहे.

१३ जून

१९०८, लंडन ऑलिंपिक. रॅकेट्स ऑलिंपिकमध्ये आले ते याच एका वर्षी. लंडनच्या क्वीन्स क्लबवर २७ एप्रिलला सुरुवात झाली आणि त्या ऑलिंपिकचा पहिला खेळ हाच. उतरलेले खेळाडू सात. सातही ब्रिटिश.

आपल्या यादीतला माणूस हेन्री लीफ, मार्लबरोचा माजी विद्यार्थी, जन्म १८६२. म्हणजे ऑलिंपिकच्या वेळी वय ४५. एकेरीत रौप्य, दुहेरीत इव्हान नोएलबरोबर कांस्य.

इथेच ‘निकाल कसा मिळाला’ हा रकाना जन्माला आला. एकेरीचा अंतिम सामना लीफ विरुद्ध नोएल असा व्हायचा होता. लीफच्या हाताला दुखापत झाली, तो उतरलाच नाही, नोएलला पुढे चाल मिळाली आणि सुवर्णही. नोंद नुसती ‘रौप्य’ लिहिली तर वाचणाऱ्याला वाटेल लीफ अंतिम सामना हरला. ‘अंतिम सामन्यात पराभूत’ असे कोणी लिहिले तर ते सरळ खोटे. यादीत लिहिले: रौप्य, अंतिम सामना झाला नाही, दुखापतीमुळे माघार.

दुहेरीत जोड्या तीन. कांस्यपदक मिळालेली जोडी म्हणजे शेवटची जोडी. हे लिहिण्यात अपमान नाही, पण ‘प्रतिस्पर्धी किती’ या रकान्यात ३ हा आकडा दिसलाच पाहिजे. नाहीतर हे कांस्य आणि चाळीस देशांच्या स्पर्धेतले कांस्य वाचकाला एकाच तोलाचे वाटणार.

शेजारच्या शाळांशी ताडून पाहिले. नोएल विंचेस्टरचा. दुहेरीचे सुवर्ण घेणारे व्हेन पेनेल चार्टरहाउसचा आणि जॉन जेकब ॲस्टर ईटनचा. एकेरीचे दुसरे कांस्य हेन्री ब्रूमचे, तो वेलिंग्टन कॉलेजचा आणि इंग्लंडकडून रग्बी खेळलेला. वेलिंग्टनचे हे नाव लक्षात ठेवायचे, शिडाच्या होड्यांच्या भागात पुन्हा लागणार आहे.

त्याच ऑलिंपिकमधल्या शिडाच्या शर्यतीही याच पद्धतीने वाचाव्या लागतात. मुख्य शर्यती जुलैच्या अखेरीस आइल ऑफ वाइट बेटावरच्या राइडला, बारा मीटर गटाची स्कॉटलंडमध्ये क्लाइडच्या खाडीत ऑगस्टमध्ये. बारा मीटर गटात होड्या फक्त दोन, ‘हेरा’ आणि ‘मुशेट’, दोन्ही ब्रिटिश. सात मीटर गटात एकच होडी, ‘हीरोइन’. तिने शर्यतीचा मार्ग पूर्ण केला आणि सुवर्ण घेतले. बारा मीटर म्हणजे होडीची लांबी बारा मीटर नव्हे, हे वेगळे सांगावे लागते: लांबी, घेर, शिडाचे क्षेत्रफळ यांचे एक सूत्र आहे, त्याचे उत्तर बारा. होडी प्रत्यक्षात बरीच लांब. ‘होडी व लांबी’ रकान्यात गटाचे नाव टाकू नये, ही चूक दोनदा झाली.

१७ जून

आजचे काम: दोन नावे काढणे. यादीतून मोठे नाव काढताना हात अडखळतो, पण काढावे लागते.

डेव्हिड मिलफर्ड १९३७ साली रॅकेट्सचा जगज्जेता झाला. हॉकीतही इंग्लंडकडून खेळला. मार्लबरोशी त्याचे नाव इतके घट्ट जोडलेले आहे की ‘मार्लबरोचा मिलफर्ड’ असेच वाचायला मिळते. पण तो मार्लबरोत शिक्षक होता. शिकला रग्बी शाळेत.

जॉन थॉम्प्सन, १९५४ ते १९५९ या काळात पाच वेळा हौशी एकेरी विजेता, वॉरिकशरकडून क्रिकेट खेळलेला. तोही मार्लबरोत शिक्षक; शिकला टनब्रिजला. मिलफर्ड आणि थॉम्प्सन या जोडीने हौशी दुहेरी अजिंक्यपद वर्षानुवर्षे आपल्याकडे ठेवले. एकाच शाळेच्या शिक्षक-खोलीत देशातली सर्वांत बळकट जोडी, हे एरवी छान वाटते, पण माजी विद्यार्थ्यांच्या यादीत दोघांपैकी एकही बसत नाही.

चूक का होते? क्लबच्या जुन्या निकालपत्रकांत खेळाडूच्या नावापुढे कंसात शाळा असते, आणि ती कधी शिकलेली शाळा, कधी नोकरीची शाळा, कधी सैन्याची तुकडी. कंसावरून नाते ठरवू नये. म्हणून ‘शाळेतील नाते’ या रकान्यात तीनच उत्तरे: विद्यार्थी, शिक्षक, व्यावसायिक प्रशिक्षक. यादीत फक्त पहिले. बाकी दोघांसाठी खाली वेगळी पट्टी, कारण त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मुलांचा संदर्भ तिथून मिळतो.

१८ जून

वरच्या नियमाची परीक्षा घेण्यासाठी दोन बाहेरची नावे.

चार्ल्स विल्यम्स, हॅरो शाळेचा व्यावसायिक प्रशिक्षक, १९११ साली जगज्जेता. एप्रिल १९१२ मध्ये न्यूयॉर्कला लढतीसाठी निघाला तो टायटॅनिकमधून. वाचला. हॅरोच्या ‘माजी विद्यार्थी’ यादीत त्याला घालणे म्हणजे मिलफर्डचीच चूक वेगळ्या वेशात.

दुसरे नाव मुंबईचे: जमशेटजी. रॅकेट्सच्या जगज्जेत्यांच्या यादीत १९०३ ते १९११ असा सलग काळ या पारशी व्यावसायिकाच्या नावावर आहे; १९०३ ला लंडनमध्ये गिल्बर्ट ब्राउनला हरवून त्याने ते घेतले. ब्रिटिश छावण्या आणि जिमखाने जिथे होते तिथे रॅकेट्सची कोर्टे होती, आणि कोर्टावर गुण मोजणारे, चेंडू दुरुस्त करणारे, सरावाला उभे राहणारे ‘मार्कर’ होते. तो खेळ त्या रस्त्याने शिकला, कुठल्याही इंग्लिश शाळेतून नव्हे. ज्या काळात इंग्लंडचे शाळकरी खेळाडू ऑलिंपिकची पदके आपापसांत वाटून घेत होते त्या १९०८ साली जगज्जेतेपद मुंबईकराकडे होते. हौशी आणि व्यावसायिक यांत भिंत होती, म्हणून तो ऑलिंपिकच्या कोर्टावर दिसत नाही. ‘प्रतिस्पर्धी किती’ या रकान्यात हे मावत नाही, शेऱ्यात घातले.

२३ जून

शिडाची शर्यत, १९६०. एकट्याने अटलांटिक पार करण्याची पहिली शर्यत, प्लिमथ ते न्यूयॉर्क, सुरुवात ११ जून. पाच होड्या.

पहिला फ्रान्सिस चिचेस्टर, ‘जिप्सी मॉथ ३’, ४० दिवस. मार्लबरोचा माजी विद्यार्थी. पहिल्या महायुद्धाच्या काळात शाळेत होता, १९१८ ला बाहेर पडला. दुसरा ‘ब्लाँडी’ हॅस्लर, ‘जेस्टर’, ४८ दिवस. हॅस्लर वेलिंग्टन कॉलेजचा. म्हणजे १९०८ ला एकेरीत लीफ पुढे, ब्रूम मागे. १९६० ला चिचेस्टर पुढे, हॅस्लर मागे. दोन्ही वेळा मार्लबरो आणि वेलिंग्टन. योगायोग आहे, यापलीकडे त्यात काही शोधू नये.

तिसरा डेव्हिड लुईस, चौथा व्हॅलंटाइन हॉवेल्स, पाचवा फ्रान्सचा झां लाकोंब.

आता लांबीचा रकाना. ‘जिप्सी मॉथ ३’ सुमारे ४० फूट. बाकीच्या चारही होड्या पंचवीस फुटांच्या आसपास किंवा त्याहून लहान. पाण्यावर तरंगणाऱ्या जड होडीचा वेग तिच्या पाणरेषेच्या (होडी पाण्यात जिथवर बुडते त्या रेषेच्या) लांबीवर अडतो: फुटांतल्या लांबीचे वर्गमूळ घ्या, १.३४ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये (ताशी सागरी मैल). २० फूट पाणरेषा असेल तर जवळपास ६ नॉट. २८ फूट असेल तर ७.१. हा वरचा टप्पा आहे, सरासरी नाही. होडी त्याहून जोरात जाऊ लागली की स्वतःच्याच लाटेच्या खड्ड्यात बसते आणि वारा कितीही वाढला तरी वेग वाढत नाही. एक नॉटचा फरक दिवसाला २४ सागरी मैल. महिनाभरात सातशेहून जास्त.

याचा अर्थ चिचेस्टरचे यश कमी होत नाही. चाळीस फुटी होडीची शिडे एकट्याने, ५८ व्या वर्षी, बदलत राहणे हे पंचवीस फुटी होडीपेक्षा कितीतरी दमवणारे. शीड जितके मोठे तितके ओले कापड जड, आणि ते पुढच्या टोकाला, सगळ्यांत जास्त उसळणाऱ्या जागी जाऊन बदलावे लागते. हॅस्लरने याच्यावर वेगळा तोडगा काढला होता: चिनी पद्धतीचे, आडव्या पट्ट्यांचे एकच शीड, जे आत उभे राहून दोरीने कमीजास्त करता येते. दोघांनीही सुकाणू धरण्यासाठी वाऱ्यावर चालणारे पाते बसवले होते. त्याशिवाय झोप अशक्य.

शेऱ्यात लिहिले: कालावधीवर पहिला, होड्या असमान. यादीत ‘विजेता’ हा शब्द कायम.

१९६४ च्या शर्यतीत चिचेस्टर पुन्हा उतरला, त्याच होडीने ३० दिवसांच्या आत पोहोचला. पहिला मात्र फ्रान्सचा एरिक ताबार्ली, २७ दिवस. १९६० च्या मानाने चिचेस्टरचा वेळ दहा दिवसांनी सुधारला आणि क्रमांक एकाने घसरला. नुसता क्रमांक ठेवणारी यादी इथे उलटे चित्र दाखवते, म्हणून वेळेचा रकाना सक्तीचा केला.

२७ जून

‘जिप्सी मॉथ ४’ आणि दिवसांची बेरीज.

चिचेस्टरची एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा. निघाला २७ ऑगस्ट १९६६, प्लिमथ. सिडनीला पोहोचला १२ डिसेंबर. सिडनीहून निघाला २९ जानेवारी १९६७. प्लिमथला परत २८ मे. वय ६५. होडी सुमारे ५४ फूट, दोन डोलकाठ्यांची ‘केच’.

जुन्या मजकुरांत कुठे २२६ दिवस, कुठे २७४. दोन्ही बरोबर. १०७ दिवस जाताना, ११९ येताना, मिळून २२६ समुद्रावर, मध्ये ४८ दिवस सिडनीत, एकूण २७४. एकाच रकान्यात दोन्ही आकडे येऊ लागले की माणूस ‘दुरुस्ती’ करायला बसतो. दोन रकाने केले: समुद्रावरचे दिवस, एकूण दिवस. बेरजेचे सूत्र तारखांवरून लावले, हाताने आकडा भरायचा नाही.

काय बिघडले तेही नोंदीत हवे, कारण वेळ त्यावर ठरतो. सिडनीच्या आधी सुमारे २,३०० मैलांवर आपोआप सुकाणू धरणारे पाते मोडले. लाटेचा जोर पात्यावर एका बाजूने येतो, धातू थकतो आणि चौकट तुटते. समुद्रात ती जोडता येत नाही. चिचेस्टरने मग शिडांचाच तोल असा साधला की होडी स्वतःहून वाट धरील: पुढच्या छोट्या शिडाची दोरी सुकाणूच्या दांड्याला बांधली, होडी वाकडी वळली की शिडातला वारा बदलतो, दोरी ताणते, दांडा परत ओढला जातो. पात्याइतके नेमके नाही, पण सिडनी गाठण्यापुरते पुरेसे. तिथे होडीच्या कीलमध्ये (तळाच्या जड कण्यात) बदल केले गेले. निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी टास्मान समुद्रात वादळाने होडी उताणी केली. तळाच्या वजनाने ती परत उभी राहिली.

७ जुलै १९६७ ला ग्रिनिचला राणीने त्याला नाइट केले ते फ्रान्सिस ड्रेकची तलवार वापरून. ही शर्यत नव्हती, प्रतिस्पर्धी शून्य. म्हणून यादीत ती ‘स्पर्धा’ नाही, ‘सफर’. ज्यांना वाटते की शाळेचे सर्वांत मोठे नाव स्पर्धेच्या रकान्यात हवे, त्यांच्याशी इथे मतभेद आहे आणि तो राहू द्यावा.

३० जून

‘एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा’ या शब्दांना थांब्यांची जोड लागते. चिचेस्टरचा एक थांबा. न थांबता पहिला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन: १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९, ३१२ दिवस, ‘सुहेली’ या ३२ फुटी होडीतून. ही होडी मुंबईत बांधलेली, सागवानाची. नॉक्स-जॉन्स्टन बर्कमस्टेड शाळेचा, म्हणून आपल्या यादीबाहेर. पण थांब्यांचा रकाना समजावायला हे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे.

आणखी जवळचे: नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे, २००९-१०, गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’, चार थांबे: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केपटाउन. रकान्यात ०, १, ४ असे आकडे एकाखाली एक आले की ‘पहिला’ हा शब्द कोणत्या अर्थाने पहिला ते वेगळे सांगावे लागत नाही.

३ जुलै

माजी विद्यार्थ्यांच्याच म्हणून असलेल्या स्पर्धा. रॅकेट्समध्ये नोएल-ब्रूस चषक: एकाच शाळेच्या दोन माजी विद्यार्थ्यांची जोडी, दुहेरी, क्वीन्स क्लब. चषकातला नोएल म्हणजे १९०८ ला अंतिम सामना न खेळता जिंकलेला इव्हान नोएल. शिडाच्या होड्यांत ॲरो ट्रॉफी: शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचे संघ, सोलंटच्या (आइल ऑफ वाइट आणि इंग्लंड यांच्यामधल्या सामुद्रधुनीच्या) पाण्यात, सारख्याच होड्यांवर. १९६० च्या लांबीच्या अडचणीला हेच उत्तर आहे. लंडनडेरी चषक हा स्क्वॉशचा. दोन नोंदी चुकून रॅकेट्समध्ये गेल्या होत्या, हलवल्या.

इथे शिक्षक आपोआप गळतात, कारण पात्रताच माजी विद्यार्थी असण्याची. त्यामुळे ‘शाळेतील नाते’ तपासायला या निकालपत्रकांवर भरवसा ठेवता येतो.

संघांच्या शर्यतीचे गुण कसे वाचावेत: शाळांच्या सांघिक शर्यतीत बहुधा तीन विरुद्ध तीन होड्या. सहा क्रमांकांची बेरीज २१. ज्या संघाची बेरीज १० किंवा कमी तो जिंकतो. १-४-५ म्हणजे १०, जिंकले. २-३-६ म्हणजे ११, हरले. पहिला क्रमांक मिळवूनही १-५-६ वाला संघ १२ वर हरतो. म्हणून पहिली होडी जिंकू लागली की ती मागे वळून समोरच्यांच्या होड्यांचा वारा अडवते, त्यांना मागे खेचते. बाहेरून पाहणाऱ्याला हे विचित्र दिसते, पण नियमात बसते. निकालपत्रकात ‘१-४-५’ लिहिलेले तारीख समजून तक्त्याने आपोआप एप्रिल २००५ करून ठेवले होते. तो रकाना ‘मजकूर’ म्हणून आधीच बांधून घ्यावा.

७ जुलै

मार्लबरोत मुलींना सहाव्या फॉर्ममध्ये (शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत) प्रवेश १९६८ पासून. त्याआधीच्या नोंदीत ‘तो/ती’ तपासायची गरज नाही, त्यानंतरच्या प्रत्येक नोंदीत आहे. इंग्रजी निकालपत्रकांत आडनाव आणि आद्याक्षरेच असतात. मराठीत क्रियापद लिंग मागते, ‘जिंकला’ की ‘जिंकली’ हे टाळता येत नाही. खात्री नसेल तिथे ‘विजेतेपद मिळाले’ असे लिहायचे.

प्रसिद्धीच्या प्रतीत आता पक्क्या ओळी चार: लीफ एकेरी, लीफ दुहेरी, चिचेस्टर १९६०, चिचेस्टर १९६४. सफर म्हणून एक: चिचेस्टर १९६६-६७. शिक्षकांच्या पट्टीत दोन. नोएल-ब्रूस आणि ॲरोच्या ओळी जोडीतल्या दोघांचीही शाळा स्वतंत्रपणे जुळल्याशिवाय वर चढवायच्या नाहीत. पुढचे काम तिथून.